तारीखवाल्या मास्तरांचा आधीचा अर्ज

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे 'तारीखवाले मास्तर' म्हणत, आणि ते उगाच नव्हे. बाकीच्या ड्रायव्हिंग स्कूलांची रीत अशी, की आधी वीस-पंचवीस दिवस शिकवायचं, माणसाचा हात बसला की मग लायसनच्या परीक्षेची तारीख घ्यायची. मास्तरांचं सगळं उलटं. नवा माणूस दारात आला, खुर्चीत टेकला, की यांचा पहिला प्रश्न, "कुठली तारीख घेऊ?"

समोरचा बिचारा म्हणायचा, "अहो, स्टिअरिंग कुठल्या हाताने धरायचं तेसुद्धा मला माहीत नाही."

"दोन्ही हातांनी. झालं एक शिकून. बोला, तारीख?"

माणूस मास्तरामुळे शिकत नाही, तारखेमुळे शिकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एक औषधवाला होता, त्याचा किस्सा ते प्रत्येकाला ऐकवायचे. या गृहस्थाला रिव्हर्सची इतकी धास्ती, की एकोणीस दिवस तो गाडी नुसती पुढेच नेत होता. दुकान चुकून मागे पडलं तर अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालून परत यायचा, पण मागे घ्यायचा नाही. परीक्षा तीन दिवसांवर आली आणि एका दुपारात गडी रिव्हर्स शिकला. नुसता शिकला नाही, पुढे महिनाभर गरज नसताना मागे घेत सुटला. त्याच्या बायकोने येऊन मास्तरांना हात जोडले, की त्याला पुन्हा पुढे न्यायला शिकवा.

असा हा माणूस. येईल त्याच्या अंगावर तारीख टाकून मोकळा होणारा. आणि एका सोमवारी संध्याकाळी त्याच्याच घरात, त्याच्याच जेवणाच्या टेबलावर एक तारीख येऊन पडली, तर ह्याचं घोडं पेंड खायला लागलं.

तारीख आणली होती लेकीने. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण बसली तरी तिचा एक गुडघा हलतच राही. ते बापाचंच देणं. शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला जहाजं आखायला शिकायचं होतं. आता गंमत बघा, समुद्र त्यांच्या घरापासून रेल्वेने सोळा तासांवर. सहा वर्षांची असताना तिने एकदाच पाहिलेला. पण तेव्हा तिने विचारलं होतं, "एवढं मोठं लोखंड बुडत का नाही?" आणि मास्तरांनी दिलेलं उत्तर तिला पटलं नव्हतं. तेव्हापासून घरातली एकही बादली धड राहिली नाही. साबणाच्या डब्या, औषधाच्या बाटल्या, टिफिनची झाकणं, सगळं एकदा तरी तरंगून किंवा बुडून झालेलं.

जहाजं शिकवणारं कॉलेज त्या किनाऱ्यावरच होतं. जागा साठ. अर्ज कुठून कुठून येत. आणि अर्ज करायच्या वाटा दोन.

"पहिली अर्ली," भिंगरीने समजावलं. "ह्या शुक्रवारी पाचच्या आत अर्ज. सहा आठवड्यांत उत्तर. पण त्यांनी हो म्हटलं तर जावंच लागतं. बाकी कुठेही अर्ज केला असेल तर मागे घ्यायचा. तसं आधीच लिहून द्यायचं, माझी सही, शाळेतल्या मार्गदर्शक मॅडमची सही आणि तुमची सही."

"आणि दुसरी?"

"रेग्युलर. अजून दोन महिन्यांनी. मग आणखी पाच कॉलेजांना पण अर्ज करता येतो, इथल्या आपल्या कॉलेजलासुद्धा. सगळ्यांची उत्तरं आली की निवडायचं. पण रेग्युलरला चुरस फार."

मास्तर फॉर्म हातात धरून बसले होते. एकच पान. खाली तीन रेघा, त्यातल्या दोन भरलेल्या. 'प्रवेश मिळाल्यास इतर सर्व अर्ज मागे घेण्यास आम्ही बांधील आहोत', इथवर ते वाचत आले आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय धाडकन आपटला. पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस भिंतीवर निघाला की तो दाबायचा. बावीस वर्षं ती सवय, त्यामुळे पाय आता त्यांना विचारत नसे. सिनेमा बघतानाही तो दाबे.

"अहो, ही गाडी नाही," बायको म्हणाली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर 'पुढे सरका' म्हणून म्हणून तिचं बोलणंही तसंच झालेलं. "सही करा आणि पुढे सरका."

"अगं, वाचू तर दे. बांधील म्हणजे काय गंमत आहे? हिला मागच्या सत्रात भौतिकला मार्क पडलेत कमी. आत्ता अर्ज केला तर तेच जाणार. रेग्युलरला थांबलो तर नवे मार्क जातील, चांगले."

"ते मॅडमनी पण सांगितलं," भिंगरी म्हणाली. "पण त्या म्हणतात अर्लीला शंभरातले चोवीस घेतात, रेग्युलरला नऊ."

"आणि शिष्यवृत्ती? चार ठिकाणची समोरासमोर ठेवून बघता नको यायला?"

"गावाला तारखा वाटत फिरता," बायको ताटं उचलत म्हणाली, "आणि घरात मात्र तळ्यात-मळ्यात."

"वाचून करतो सही," मास्तर म्हणाले. "मधल्या वेळात गाडीत वाचीन." आणि त्यांनी फॉर्म आपल्या फोल्डरमध्ये सरकवला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार त्यांनी फॉर्म वाचला नाही. त्याऐवजी गाडीत जो बसेल त्याला विचारलं. बेकरीवाल्याने क्लचवर अर्धा पाय ठेवून सांगितलं, "आधीच करा मास्तर, पहिला घाणा नेहमी चांगला." विमा विकणारी बाई म्हणाली, कुठल्याही कागदावर 'बांधील' शब्द असेल तर सही करू नये, हे ती रोज सह्या घेऊन शिकली आहे. कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "काका, सिग्नल हिरवा झालाय." मास्तरांना त्याचंही उत्तर मनाला लावून घ्यावंसं वाटलं. डोक्यात इंडिकेटर चालू राहिल्यासारखी अवस्था. टिकटिक चालू आणि वळायचं तर कुठेच नाही. घरी आले की बायको विचारी, "झाली सही?" हे म्हणत, "वाचतोय." भिंगरी काहीच विचारत नसे. तेवढा गुडघा हलायचा.

ह्या शिकाऊंमध्ये एक होत्या गणिताच्या बाई. छत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्रेसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आलेल्या. मास्तर लहानपणी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे गाडीत कोण कुणाला शिकवतं हे बाहेरच्याला कळत नसे. गुरुवारी मास्तरांनी त्यांनाही चोवीस आणि नऊचं गणित घातलं.

"चोवीस ते कोणातले?" बाईंनी आरशात बघत विचारलं. "अर्लीला मुळात तयारीची पोरंच अर्ज करत असतील. तो चोवीस तुझ्या पोरीला जसाच्या तसा लागू होत नाही. पण नऊपेक्षा बराच असेल."

"म्हणजे करावा की करू नये?"

"गणित एवढंच सांगतं. पुढचं गणितात नाही. आता हाताने खूण करू नकोस, मला दिसतंय वळण."

शुक्रवारी सकाळी परीक्षेच्या मैदानावर मास्तरांचे तिघे शिकाऊ होते, त्यात बाई. मास्तरांनी नेहमीसारखा फोल्डर उघडला आणि आतल्या कागदांचा गठ्ठा खिडकीत सरकवला. आत बसणारा कारकून शिक्केवाला म्हणूनच ओळखला जायचा. त्याचं काम ठरलेलं: ज्या फॉर्मवर फोटो आहे त्यावर 'हजर', ज्यावर नाही त्यावर 'अपूर्ण, पुढच्या तारखेस यावे'. शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलत त्याने चार कागदांवर शिक्के हाणले. धप, धप, धप, आणि चौथ्यावर जरा जोरात धप, कारण चौथ्यावर फोटो नव्हता.

चौथा कागद भिंगरीचा होता. शिक्का जांभळा, ओलाचिंब, थेट तिच्या आणि मॅडमच्या सहीवर. खालची तिसरी रेघ तेवढी कोरी.

"अहो, हा आमचा नाही," मास्तर म्हणाले.

"मग दिलात कशाला?" शिक्केवाला म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागला. त्याचंही बरोबरच होतं.

बाई पास झाल्या. आठाच्या आकड्यात एका खांबाला जरासा स्पर्श झाला, पण तपासणीस त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने खांबाकडे पाहिलं नाही, असं पुढे कित्येक वर्षं लोक सांगत; बाई मात्र म्हणत, खांब वाकडा होता. परत येताना गाडी त्याच चालवत होत्या. मास्तर शेजारी, मांडीवर फोल्डर.

"काय झालं?"

मास्तरांनी कागद दाखवला. "आता काय करणार. सगळ्या सह्यांवर शिक्का. पाच वाजेपर्यंत नवा फॉर्म, नव्या सह्या, कुठे होणार? नशीब म्हणायचं. जाऊ दे, रेग्युलर आहेच."

बाईंनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. सगळं क्रमाने. मग म्हणाल्या, "तू शीळ घालत होतास."

"मी?"

"मैदानाच्या फाटकापासून गाडीपर्यंत. मी मागेच होते."

मास्तरांनी कागद फोल्डरमध्ये ठेवला.

"छत्तीस वर्षं मी परीक्षेच्या दिवशी आजारी पडणारी पोरं बघितली," बाई म्हणाल्या. "ताप खरा असायचा. मी हात लावून बघायची. पण आनंदही खरा असायचा."

"मी मुद्दाम नाही केलं, बाई."

"मुद्दाम केलंस असं कोण म्हणालं? मुद्दाम करायला अक्कल लागते. अरे, चार दिवस तो कागद परीक्षेच्या कागदांत ठेवलास. शुक्रवारी तो त्या खिडकीत जाणार नाही तर कुठे जाणार?"

बाहेरून एक ट्रक गेला आणि गाडी किंचित हलली. मास्तरांच्या पायाने ब्रेक दाबला. गाडी उभीच होती.

"बेकरीवाल्याला विचारलंस, विमावालीला विचारलंस, मला विचारलंस. पोरगी काय म्हणते?"

"ती म्हणाली ना, अर्ली."

"कागद आणला तेव्हा म्हणाली. नंतर तू विचारलंस?"

मास्तरांनी फोल्डर मिटला. मग म्हणाले, "शाळेवरून घ्या. डावीकडे."

शाळेत मधली सुट्टी चालू होती. भिंगरी जिन्याच्या पायरीवर एकटीच बसलेली सापडली, डबा न उघडता. बापाला अवेळी बघून उभी राहिली. मास्तरांनी गाडीत एक छानसं वाक्य जुळवलं होतं, ते विसरले आणि नुसता कागद पुढे केला.

तिने शिक्का वाचला. दोनदा वाचला. आणि मग तिचे खांदे खाली आले, अगदी जीव भांड्यात पडल्यासारखे. क्षणभरच. लगेच तिने भुवया जवळ आणून चेहरा रडवेला केला. पण मास्तर दुसऱ्याचे हातपाय बघून पोट भरणारे. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुला बरं वाटलं," ते म्हणाले.

"नाही. का वाटेल?"

"अगं, मलाही वाटलं. मी शीळ घातली. बाई म्हणाल्या."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली, तसे तेही बसले. मुलं वर-खाली पळत होती, पायऱ्या दणदणत होत्या.

"आत्ता अर्ज केला," ती हळू म्हणाली, "आणि सहा आठवड्यांत नाही आलं, तर संपलंच ना बाबा. एवढी वर्षं बादल्या भरल्या आणि सहा आठवड्यांत संपलं. रेग्युलरला निदान सहा महिने वाटत राहतं, की होईल. मला वाटलं तुम्हीच नको म्हणाल. म्हणजे मला म्हणावं लागणार नाही."

"म्हणून गप्प होतीस."

"मग. तुम्हाला का बरं वाटलं?"

मास्तर मैदानाकडे बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. "सोळा तास लांब आहे ते," शेवटी म्हणाले. "मार्क, टक्के, शिष्यवृत्ती, ते मी वरून लावलं. खोटं नाही, पण वरचं. आत एवढंच होतं. इथलं कॉलेज यादीत राहिलं असतं तर कोण जाणे, तू राहिली असतीस."

भिंगरीने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"पण तो माझा प्रश्न," मास्तर म्हणाले. "तुझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. आज खिडकीपाशी सगळा वाचला मी."

ती नाकातून हसली. मग पुन्हा गंभीर झाली, गुडघा जोरजोरात हलू लागला. मास्तरांचाही हलत होता. वरून उतरणाऱ्या एका मुलीने दोघांकडे बघितलं आणि वळसा घालून गेली.

"एक सांग," मास्तर म्हणाले. "समज, रेग्युलरला थांबलो. त्या पाच कॉलेजांतल्या एकाने पहिल्यांदा हो म्हटलं. तर?"

"तर काय. तरी ह्यांच्याच उत्तराची वाट बघत बसेन."

"आणि पाचही जणांनी हो म्हटलं?"

"तरी." एवढं म्हणून ती थांबली. स्वतःचंच बोलणं तिने ऐकलं असावं. गुडघा थांबला. "म्हणजे सहा महिने मी नुसती घाबरत बसेन. आत्ता सहा आठवडे घाबरायचं, एवढाच फरक."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुम्ही सांगा."

"तर घरात तिघं जण रडू. तुझी आई आधी, कारण ती रांगेत नेहमी पुढे असते. आणि मग बाकीच्यांना अर्ज करू."

भिंगरी उठली. "चला मॅडमकडे. पण आता दुसरा फॉर्म कुठून आणायचा?"

मार्गदर्शक मॅडमनी सगळी हकिगत ऐकूनसुद्धा घेतली नाही. जांभळा शिक्का बघितला, टेबलाचा खालचा खण ओढला आणि कोरा फॉर्म काढून ठेवला. खणात तसे आणखी दहा-बारा होते.

"दरवर्षी लागतात," त्या म्हणाल्या. "एकाचा कुत्र्याने खाल्ला होता. एकाचा धुण्यात गेला. गेल्या वर्षी एकांनी त्याच्यावर घराचा नकाशा काढला होता. शिक्क्याचा मात्र पहिलाच."

"असं सगळ्या पालकांचं होतं?" मास्तरांनी खजील होत विचारलं.

"पालकांचं नाही, बापांचं. आया सही करतात आणि मग रडतात. बाप आधी कागद हरवतात." त्यांनी पेन पुढे केलं. "एक विचारते, मग सही करा. भौतिकचे मार्क आहेत तसेच जाणार. नंतर कुरकूर नको."

"जाऊ दे," भिंगरी म्हणाली. "सोबत मी पत्र लिहिलंय, सत्र वाईट का गेलं ते. खरं खरं लिहिलंय."

तिने सही केली, मॅडमनी केली. मास्तरांनी पेन घेतलं. टेबलाखाली पायाने मात्र एकदा जोरात जमीन दाबली. मॅडमनी चमकून खाली बघितलं. भिंगरी म्हणाली, "तसं करतात ते. करू दे." आणि सही झाली.

कागद स्कॅन करून अर्जाला जोडला, मॅडमच्या कॉम्प्युटरवर सगळी पानं पुन्हा एकदा तपासली. शेवटी पडद्यावर एक हिरवं बटन उरलं. भिंगरीने माउसवर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. मान वळवून बापाकडे बघितलं. बावीस वर्षं ज्या माणसाने 'दाब, दाब', 'सोड, सोड' ह्याच्यावर संसार केला, तो माणूस खिडकीबाहेर बघत ओठ घट्ट मिटून उभा होता. बोट किती वेळ तसं होतं कुणास ठाऊक. मॅडमनी मधे एक फोन घेतला, ठेवला. मग क्लिक असा आवाज आला. दोनला दहा कमी होते.

"गेला," भिंगरी म्हणाली. मास्तर वळले तेव्हा त्यांना घाम फुटलेला होता.

"आता बाकीच्या पाचांची तयारी आजपासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या. "इथून नकार आला तर रेग्युलरच्या शेवटच्या तारखेला जेमतेम बारा दिवस उरतात. तेव्हा लिहायला बसाल तर रडत रडत लिहाल, आणि ते वाचणाऱ्याला कळतं."

संध्याकाळी बायको कामावरून आली तर हे घरात दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत.

"झाली सही?"

"झाली. अर्जसुद्धा गेला."

"मग येरझाऱ्या का?"

"सवय मोडली नाही अजून."

तिने शिक्क्याची गोष्ट ऐकली, शिळेची ऐकली, पदराने डोळे पुसले, हसण्यामुळे का कशामुळे ते तिने सांगितलं नाही. "टेबलावरचं उचला," एवढंच म्हणाली. भिंगरी दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म उघडून बसली होती. तिघंही टेबलाभोवती बसली. बसली म्हणजे बायको बसली. बाकी दोघांचं आपलं चालूच होतं, खालून टेबल थरथरत होतं.

"पहिलाच प्रश्न," भिंगरीने वाचून दाखवलं. "तुमच्या आयुष्यातली एक मोठी अडचण आणि ती तुम्ही कशी सोडवलीत, तीनशे शब्दांत लिहा."

"लिही, बाप," मास्तर म्हणाले.

"तीनशेत नाही बसणार."

"आणि सुटलेली विचारलीय," बायको म्हणाली. "दुसरी शोधा."

मास्तर हसले, उठले, पाणी प्यायले, येऊन बसले. उत्तराला अजून बेचाळीस दिवस होते. भिंगरीने पेन्सिलचं टोक चावलं, पहिली ओळ लिहिली, खोडली, आणि बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, पाय."